‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांस

गेल्या ज्येष्ठात काही कामानिमित्त पेणास जाणे झाले, तेव्हा डोलवीस राहणाऱ्या एका जुन्या स्नेह्यांच्या आग्रहावरून त्यांच्या घरी एक रात्र मुक्काम केला. डोलवी म्हटली की पूर्वी भातखाचरे आणि खाडीचा खारा वारा एवढेच आमच्या मनात येत असे; आता पोलादाच्या कारखान्याची धुराडी आधी दिसतात, आणि महामार्गावर पत्र्याच्या अजस्र कॉइली पाठीवर बांधलेले ट्रक एकामागून एक जाताना दिसतात. आमचे स्नेही त्याच कारखान्यात अधिकाराच्या जागेवर आहेत. जेवणे उत्तम झाली. वाढावयास त्यांच्या सूनबाई होत्या. त्यांस सातवा महिना लागलेला. त्या स्वतः केव्हा जेवल्या हे आम्हांस सांगता येणार नाही, कारण आमची पाने उचलल्यावरही बराच वेळ आतून भांड्यांचाच आवाज येत होता.

जेवणानंतर ओटीवर बसलो असता बोलण्याच्या ओघात निघाले की, डॉक्टरांच्या मते गर्भाची वाढ महिन्यांच्या मानाने थोडी कमी आहे. त्यावर स्नेह्यांच्या मातोश्री म्हणाल्या, “आमच्या घरची बाळं जन्मतःच लहानखोर. हाडच बारीक घराण्याचं. रक्तातच आहे ते!” चिरंजीवांनी मान डोलावली आणि शास्त्रीय पुरवणी जोडली, “म्हणजे जीन्समध्येच आहे.” शेजारी त्यांचा बारावीतला पुतण्या जीवशास्त्राचा धडा मोठ्याने घोकीत होता: प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए, तो एवढ्याशा केंद्रकात गुंडाळून बसविलेला, इत्यादी. ते ऐकून स्नेह्यांस उपमा सुचली. “आमच्या कॉइलसारखंच की हे! शेकडो मीटर पत्रा, एवढीशी गुंडाळी. जे आत गुंडाळलंय, तेच बाहेर येणार!”

पाहुण्याने यजमानाशी ओटीवर वाद घालू नये, हा संकेत आम्ही त्या रात्री पाळला. परंतु परत आल्यापासून ते वाक्य मनातून जात नाही. हे घर एकटेच असते तर त्याविषयी चार ओळीही खर्चण्याचे कारण नव्हते. पण मुलगा गणितात मागे पडला, मुलगी सावळी निपजली, जावयास चाळिशीत मधुमेह जडला, नातू बारीक जन्मला, की आमच्या सुशिक्षित वर्गाच्या घरोघरी हेच वाक्य निघते. पूर्वी ‘रक्त’ म्हणत. आता त्या जुन्याच कल्पनेस ‘जीन्स’ हे विलायती पातळ नेसविले आहे, एवढाच फरक. शास्त्राचा शब्द उच्चारला म्हणजे शास्त्रच बोलते असे मानण्याची ही खोड आम्हांस अडाणीपणाहून अधिक घातक वाटते. अडाणी मनुष्य निदान विचारावयास तरी तयार असतो.

प्रथम रक्ताविषयीच बोलू. मनुष्याच्या रक्ताला ज्यांच्यामुळे लाली येते त्या तांबड्या पेशींत केंद्रकच नसते. पक्व होताना त्या आपले केंद्रक टाकून देतात. सारांश, ज्या रक्ताच्या नावाने आपण घराण्याच्या गोष्टी करितो, त्याच्या तांबड्या पेशींत घराण्याचा लेखी पुरावा औषधालाही सापडावयाचा नाही. पक्ष्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, आणि म्हणूनच १८८४ साली आल्ब्रेख्त कोसेल या जर्मन रसायनवेत्त्याने हंसजातीच्या पक्ष्याच्या रक्तातून ‘हिस्टोन’ नावाचे प्रथिन प्रथम वेगळे काढले. ‘रक्तातच आहे’ असे एखाद्या राजहंसाने म्हटले तर ते आम्ही एक वेळ ऐकून घेऊ. (श्वेत पेशींत केंद्रक असते, हे आम्हांस ठाऊक आहे; पण आजीबाई श्वेत पेशींविषयी बोलत नव्हत्या.)

हे हिस्टोनच आमच्या आजच्या विषयाचे मर्म आहे. मनुष्याच्या एका पेशीतील डीएनएत सुमारे सहाशे कोटी अक्षरांच्या जोड्या असतात. तो ४६ तुकड्यांत विभागलेला असून, सारे तुकडे जोडून सरळ केले तर लांबी सुमारे दोन मीटर भरते. आणि केंद्रकाचा व्यास असतो मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पुष्कळदा कमी. हेच केंद्रक सहा सेंटिमीटरच्या मोसंबीएवढे कल्पिले, तर त्यातील धागा वीस किलोमीटर लांब होईल. डोलवीहून निघून तो पेण गाठील आणि तरीही पुष्कळ उरेल. हे आकडे ऐकून विद्यार्थी चकित होतात, शिक्षक संतुष्ट होतात, आणि धडा तेथेच संपतो. खरी गोष्ट तर पुढेच आहे. तो धागा इतका कमालीचा बारीक आहे की त्याचे घनफळ काढून पाहिल्यास सहा मायक्रोमीटर व्यासाच्या केंद्रकाचा सुमारे विसावा हिस्साच तो व्यापतो. म्हणजे ‘मावतो कसा?’ हा प्रश्न मुळातच गौण. गुंता न होता राहतो कसा, आणि हवी ती ओळ हव्या त्या वेळी सापडते कशी, हे खरे प्रश्न. आणि कॉइलची उपमा तेथेच लंगडी पडते. कॉइल गुंडाळतात ती वाहून नेण्यासाठी. गुंडाळलेली असताना तिच्या मधल्या पत्र्याचा कोणास उपयोग नाही, आणि उलगडली की ती कॉइल राहत नाही. पेशीतील धाग्याला गुंडाळलेल्या स्थितीतच अहोरात्र वाचले जावे लागते.

न्याय म्हणून एवढे मान्य केले पाहिजे की पेशीच्या आयुष्यातील एका प्रसंगास ही उपमा चपखल बसते. पेशी दुभंगून दोन होताना धागा अत्यंत घट्ट आवळला जातो. क्रमिक पुस्तकातील ती सुप्रसिद्ध फुलीच्या आकाराची गुणसूत्रे त्याच वेळची. तेव्हा सामान दुसऱ्या घरी न्यावयाचे असते, आणि त्या अवधीत त्याचे वाचन जवळजवळ बंद पडते. पुरुषबीजातही असाच प्रवासाचा बंदोबस्त असतो. तेथे बहुतेक हिस्टोन काढून टाकून प्रोटॅमिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनांनी धागा आणखी आवळून बांधलेला असतो. आमच्या स्नेह्यांनी ट्रकवर चढविलेली कॉइल पाहिली आणि कारखाना तोच समजले!

मग इतर वेळची रचना कशी असते? १९७४ साली रॉजर कॉर्नबर्ग यांनी तिचे मूळ माप सांगितले, त्याच वर्षी ऑलिन्स दांपत्याने सूक्ष्मदर्शकातून दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे तिचे चित्र प्रसिद्ध केले, आणि १९९७ साली कॅरोलिन लुगर, टिमथी रिचमंड व त्यांचे सहकारी यांनी ती जवळजवळ अणू-अणूनिशी रेखाटली. चार प्रकारचे हिस्टोन, प्रत्येकी दोन, असे आठ रेणू मिळून एक रीळ होते. तिच्याभोवती धाग्याच्या सुमारे १४७ जोड्या दीडाहून थोडे अधिक वेढे घेतात. मग थोडा मोकळा धागा, मग पुढची रीळ. अशा एका रिळीस वेढ्यांसह न्यूक्लिओसोम म्हणतात, आणि तुमच्या-आमच्या एकेका पेशीत त्या सुमारे तीन कोटी असतात. धागा ऋण विद्युद्भाराचा, हिस्टोन धन विद्युद्भाराचे. म्हणून ते एकमेकांस धरून राहतात. येथवर कोणीही म्हणेल की ही रीळच झाली, शिंप्याच्या दुकानातील दोऱ्यासारखी. पण या रिळीस शेपट्या असतात. हिस्टोनांची टोके वेढ्यांबाहेर लोंबत राहतात, आणि पेशी त्या टोकांवर बारीकसारीक रासायनिक खुणा सतत लावीत व पुसत असते. एक प्रकारची खूण लावली की टोकाचा धन भार कमी होतो, पकड सैल पडते आणि तेथला मजकूर वाचावयास मोकळा होतो. दुसऱ्या प्रकारची खूण लावली की आवळून बांधणारी प्रथिने तेथे जमतात आणि तो भाग बंद होतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ सालीच सुचविले होते की हिस्टोनांवरील या खुणांचा वाचनाशी संबंध असावा. तिकडे फारसे कोणी पाहिले नाही. हिस्टोन म्हणजे नुसते बारदान, ही समजूत पुढेही तीसेक वर्षे टिकली. आमच्या स्नेह्यांनी वाईट वाटून घेऊ नये, त्यांची चूक मोठमोठ्या पंडितांनी आधी करून ठेविली आहे.

कॉइलपेक्षा जवळची उपमा आपल्याच घरी आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेविलेले आहेत. कागद तेच, पण ज्या रुमालाची गाठ सुटते तेवढाच कागद बोलतो, बाकीचे असूनही मुके. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्या रुमालांतून निवडून ४५ भाग छापले, तेव्हा दप्तरात एक नवे अक्षर लिहिले गेले नव्हते. तरी मराठ्यांच्या इतिहासाचे चित्र पालटले. आपल्या पेशींचे असेच आहे. यकृताच्या पेशीत, मेंदूच्या पेशीत आणि कातडीच्या पेशीत दप्तर एकच. इन्सुलिन कसे करावे याचा कागद तुमच्या टाळूच्या कातडीतही आहे, पण तेथे तो बासनात घट्ट बांधलेला. स्वादुपिंडातील ठराविक पेशींत मात्र गाठ सुटलेली. एखादी गोष्ट ‘जीन्समध्ये आहे’ एवढे सांगून म्हणूनच काहीच सांगितल्यासारखे होत नाही. दप्तरात आहे हे खरे. रुमाल सोडला आहे की नाही, हे सांगा!

येथे त्या पुतण्याच्या पुस्तकासंबंधी दोन शब्द. त्यात मणी, मग मण्यांची तीस नॅनोमीटर जाडीची सुबक सर्पिल दोरी, मग तिचे फास, मग गुणसूत्र, अशी पायऱ्यांची आकृती असते, आणि ती काढल्याबद्दल गुण मिळतात. ती दोरी १९७६ साली फिंच आणि क्लूग यांनी सुचविली, आणि परीक्षानळीत ती खरोखरच तयार होते. परंतु अखंड पेशीत शोधू जाता ती बहुधा सापडत नाही. २००८ साली गोठविलेल्या पेशींची छायाचित्रे घेणाऱ्यांस ती दिसली नाही. २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी नव्या रंजनपद्धतीने मानवी पेशींच्या केंद्रकाचे त्रिमितीय चित्र घेतले, तेव्हा पाच ते चोवीस नॅनोमीटर जाडीच्या, वाकड्यातिकड्या, कोठे दाट तर कोठे विरळ अशा साखळ्या आढळल्या. लष्करी शिस्तीची दोरी नाहीच. गजबजलेल्या बाजारासारखी, पण आपापल्या ठिकाणी बरोबर पोचणारी अशी ती व्यवस्था. पुस्तककर्त्यांस जिना सोयीचा वाटतो, कारण जिन्याचे चित्र काढता येते. पण त्या जिन्यानेच मुलांच्या मनात कॉइल भरविली जाते, आणि मुले मोठी होऊन कारखान्यात अधिकारी झाली तरी ती मनातून निघत नाही.

कोणी म्हणेल की, ही बासनाची गोष्ट पंडितांच्या परीक्षानळीत राहू द्या. आम्हांस डोळ्यांनी दिसेल असे काही दाखवा. दाखवितो. त्या रात्री आमच्या स्नेह्यांच्या मांडीवरच पुरावा झोपला होता. काळ्या, नारिंगी आणि पांढऱ्या ठिपक्यांची तिरंगी मांजर कोकणात घरोघर असते. असा बोका मात्र क्वचितच पाहावयास मिळतो. कारण असे की, काळा की नारिंगी हे ठरविणारे जनुक एक्स नावाच्या गुणसूत्रावर असते. भाटीपाशी ती गुणसूत्रे दोन, बोक्यापाशी एक. भाटी गर्भात अगदी लहान असतानाच तिच्या प्रत्येक पेशीत दोहोंपैकी एक एक्स गुंडाळून कायमचे बासनात टाकले जाते. कोणते, हे पेशीगणिक योगायोगाने ठरते. पण एकदा ठरले की त्या पेशीची सारी संतती तोच निर्णय पाळते. म्हणून एका जागी काळा ठिपका, शेजारी नारिंगी. ते गुंडाळलेले गुणसूत्र १९४९ साली बार आणि बर्ट्रम यांस मांजरीच्याच पेशींत काळ्या ठिपक्यासारखे दिसले, आणि त्याचा अर्थ १९६१ साली मेरी लायन यांनी लाविला. पुढे २००१ च्या डिसेंबरात टेक्सास येथे अशाच एका तिरंगी मांजरीच्या पेशीपासून तिची हुबेहूब जनुकी प्रत जन्मास घातली गेली. धागा तोच, अक्षर न् अक्षर तेच. पिल्लाच्या अंगावर नारिंगी केसाचा मागमूस नव्हता! ज्या पेशीपासून ते केले, तिच्यात नारिंगी रंगाचे बासन आधीच बांधलेले होते. ‘जे आत गुंडाळलंय तेच बाहेर येणार’ या वाक्याचे खंडन स्नेह्यांच्या मांडीवर घुरघुरत होते, आणि ते तिच्या पाठीवरून हात फिरवीत आम्हांस आनुवंश समजावून सांगत होते.

ही विद्या सातासमुद्रापलीकडचीच आहे असेही नव्हे. पुण्यात संजीव गलांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रथम राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि नंतर ‘आयसर’मध्ये, श्वेत पेशींतील एका प्रथिनाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. ते प्रथिन धाग्याचे फास धरून ठेवते आणि कोणता भाग वाचनासाठी पुढे यावा हे ठरविण्यास हातभार लावते. एखाद्या फासाची मांडणी बदलली तर त्यावरील जनुकांचे बोलणेही बदलते, हे त्यांनी २००७ सालच्या निबंधात दाखविले. डोलवीच्याच रायगड जिल्ह्यात, खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत हिस्टोन आणि कर्करोग यांच्या संबंधावर काम होते. बासन भलत्या जागी सुटले वा बांधले गेले तर पेशी बहकते. म्हणून हिस्टोनांवरील खुणा पुसण्याची क्रिया रोखणारी औषधेही काही कर्करोगांवर वापरात आली आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे त्या बारीक हाडाकडे. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांच्या साहाय्याने, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास आरंभिला, तो महाराष्ट्रातील प्रत्येक सासूने, आणि विशेषेकरून प्रत्येक सासऱ्याने, माहीत करून घ्यावा असा आहे. तेथील बाळांचे जन्माचे सरासरी वजन २·७ किलो भरले. साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३·५ किलो. एवढ्यावर आमचे स्नेही म्हणतील, पाहा, वंशच निराळा! परंतु संशोधकांनी पुढे विचारले की ही बाळे कशाकशात लहान आहेत. स्नायू आणि पोटातील अवयव लहान. चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसावयास कृश, आतून स्थूल. पुढे मधुमेहास आमंत्रण देणारी घडण. मग त्यांनी आयांच्या ताटाकडे आणि कामाकडे पाहिले. एकूण अन्न किती खाल्ले याच्याशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध दिसला नाही. पण ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात, त्यांची बाळे मोठी होती. आणि शेतातील काम, पाणी भरणे, धुणे असे अंगमेहनतीचे काम जिला अधिक, तिचे बाळ लहान. त्या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. म्हणजे बाळाच्या बारीक हाडात आईच्याही बालपणीच्या ताटाचे माप उतरले होते. ‘घराण्याचे हाड’ म्हणतात ते बहुशः घराण्याचे वाढप असते.

अभ्यास येथे थांबला नाही. २००८ साली असे प्रसिद्ध झाले की, गर्भारपणी ज्या आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक आढळली. या दोन द्रव्यांचा आमच्या बासनाशी संबंध काय? डीएनएच्या काही अक्षरांवर मिथिल नावाची एक लहानशी खूण लागते, आणि ती जेथे दाट लागते तो भाग पुष्कळदा बंद राहतो. पेशीत ही खूण तयार होण्याच्या साखळीत फोलेट आणि बी-१२ हे दोन आवश्यक दुवे आहेत. रुमालाची गाठ ज्या दोरीने बांधावयाची ती दोरीच मुळी स्वयंपाकघरातून येते. याचा अर्थ त्या मुलांची बासनेच बिघडली असे सिद्ध झाले, असा मात्र कोणी घेऊ नये. मधली साखळी अद्याप पुरती जुळलेली नाही, आणि संबंध दिसणे म्हणजे कारण सापडणे नव्हे. म्हणूनच मुंबईच्या गरीब वस्त्यांत २००६ पासून प्रत्यक्ष प्रयोग करण्यात आला. काही स्त्रियांस गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ दिला, इतरांस कमी पोषक खाऊ. सरसकट पाहता बाळांच्या वजनात फरक पडला नाही. मात्र गर्भ राहण्यापूर्वी निदान तीन महिने ज्यांनी तो खाण्यास सुरुवात केली होती, त्यांच्या बाळांचे वजन सुमारे पन्नास ग्रॅमने अधिक भरले, आणि गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण खाऊ मिळालेल्या गटात कमी आढळले. पन्नास ग्रॅम म्हणजे काही चमत्कार नव्हे. पण ‘रक्तातच आहे’ या सिद्धान्ताप्रमाणे एक ग्रॅमही वाढावयास नको होता.

आनुवंश खोटा आहे असे आम्ही म्हणतो, असा आरोप आमच्यावर होईल. म्हणून स्पष्ट लिहितो. धाग्यातील अक्षरच चुकले तर बासन कसेही बांधा, चूक ती चूकच. विदर्भात आणि खानदेशात अनेक आदिवासी कुटुंबे ज्याने पोळली आहेत तो सिकलसेल एका अक्षराच्या बदलाने होतो. थॅलॅसिमियाही असाच जनुकी दोष. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्यामागे चारांत एक अशी धास्ती असते, आणि साध्या रक्ततपासणीने ती लग्नापूर्वी कळते. येथे तरी ‘रक्तात आहे का?’ हा प्रश्न खरोखरच विचारण्याजोगा आहे. पण आमच्या मंडळींस गोत्र, नाडी, उंची आणि रंग विचारून झाल्यावर त्याला फुरसत होते कोठे? जेथे आनुवंश खरा तेथे मौन, आणि जेथे ताटाचा प्रश्न तेथे आनुवंशाचा डांगोरा, असा हा उलटा न्याय आहे.

दुसऱ्या बाजूनेही एक टोळी निघाली आहे, तिचा समाचार घेतल्यावाचून राहवत नाही. बासन बदलते हे कानी पडताच काही चतुर लोकांनी गर्भसंस्काराचे जुनेच दुकान या नव्या पाटीखाली मांडले. अमुक मंत्र ऐका, अमुक तबकडी लावा, म्हणजे गर्भाची जनुके उघडतील आणि तेजस्वी संतती होईल, शुल्क आगाऊ. मंत्राने कोणाचे मन शांत होत असेल तर आमची हरकत नाही. परंतु मंत्रश्रवणाने हिस्टोनांवरील खुणा ठरवून बदलता येतात आणि त्यातून बुद्धिमान बालक निपजते, यास तीळभर पुरावा नाही. आणि यातील खरी मेख अशी की, तबकडी ऐकण्याची जबाबदारी पुन्हा आईचीच. बाळ अशक्त झाले तर तिने ऐकले नाही! पूर्वी दोष तिच्या माहेरच्या रक्ताचा होता, आता तिच्या मनोवृत्तीचा झाला. पालेभाजी आणावी कोणी, दुधाचा पेला कोणाच्या हाती आधी जावा, पाण्याची कळशी उचलावी कोणी, हे ठरविणारे घर दोन्ही सिद्धान्तांत निर्दोष सुटते. आमच्या मते दोन्ही इतके लोकप्रिय आहेत ते याच कारणाने.

हे सर्व आम्ही डोलवीच्या स्नेह्यांस पत्राने कळविले होते. त्यांचे चार पानी उत्तर आले आहे. त्यात ते लिहितात की, आम्ही कॉइलवर अन्याय केला. ती उलगडून, चिरून, हव्या त्या मापाच्या पट्ट्या काढता येतात, त्यासाठी यंत्रे असतात, आणि पुढच्या खेपेस आलात तर स्वतः दाखवीन. पुतण्याचीही खाली दोन ओळी आहेत: परीक्षेत जिन्याची आकृती काढावी की काढू नये? त्याला आम्ही उलट टपाली कळविले आहे की, बाबा रे, गुण हवे असतील तर काढ, पण खाली पेन्सिलीने २०१७ हा आकडा लिहून ठेव. मांजरीस पिल्ले झाली असून तीत एक तिरंगी आहे, हेही पत्रात आहे. सूनबाईंच्या ताटाविषयी मात्र चार पानांत अवाक्षर नाही.